गरोदरपणातील प्रतिजैविके: कोणते, केव्हा आणि कशासाठी

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

«माझे वय २९ वर्षे असून हे पहिलेच गरोदरपण आहे. पाळी चुकून चार-पाच दिवस झाले होते, पण माझी पाळी नेहमीच मागेपुढे होत असल्याने मी लक्ष दिले नाही. त्याच सुमारास घसा फार दुखू लागला म्हणून मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्या आणून घेतल्या. नंतर आठवड्याभरात दिवस गेल्याचे कळले. आता चौदावा आठवडा सुरू आहे. नेहमीच्या तपासणीत लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय जंतू निघाले. मला ताप किंवा जळजळ काहीच नाही. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरॅन्टॉइन सात दिवस घ्यायला सांगितले आहे. पण गाभण उंदरांना प्रतिजैविके दिल्यावर पिल्लांच्या हाडांची व मूत्रपिंडांची वाढ बिघडली, असे वाचल्यापासून माझा धीर होत नाही. सासूबाई म्हणतात, त्रासच नाही तर औषध कशाला? गोळ्यांची पट्टी चार दिवस तशीच पडून आहे. आधीच्या गोळ्यांमुळे बाळात काही व्यंग राहिले असेल का, आणि तशी शक्यता असेल तर हा गर्भ ठेवावा का, हेही कृपया सांगावे.»

सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रश्न ज्या क्रमाने विचारले आहेत, त्या क्रमाने मी उत्तरे देणार नाही. ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या घेऊन नऊ आठवडे उलटले आहेत आणि त्याबाबत आज काही बदलता येण्यासारखे नाही. पडून राहिलेल्या पट्टीबाबत मात्र आजच काही करता येईल, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा, चार दिवस औषध सुरू केलेले नाही हे संकोच न करता सांगा आणि त्यांनी वेगळी सूचना दिली नाही, तर पहिली गोळी जेवणाबरोबर आजच घ्या. फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या. कल्चरच्या अहवालात हे जंतू नायट्रोफ्युरॅन्टॉइनला दाद देतात असे नोंदवले आहे ना, ही पहिली. दुसरी म्हणजे तुमच्या माहेरी कोणाला जीसिक्सपीडी या विकराची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असल्यास किंवा एखाद्या औषधानंतर कोणाला अचानक कावीळ होऊन रक्त कमी झाले असल्यास ते त्यांना सांगा. ही कमतरता आनुवंशिक असून आपल्याकडे पारशी, सिंधी आणि काही आदिवासी समाजांत ती अधिक आढळते. ती असताना हे औषध तांबड्या पेशी फोडू शकते. औषध सुरू केल्यावर लघवीचा रंग गडद पिवळा किंवा तपकिरी झाला तर घाबरू नका, कारण तो औषधाचाच रंग असतो.

सासूबाईंचे म्हणणे एरवी बरोबर ठरले असते. गरोदर नसलेल्या निरोगी स्त्रीच्या लघवीत जंतू सापडले आणि तिला काही त्रास नसला, तर डॉक्टर सहसा औषध देत नाहीत. गरोदरपणात हा नियम बदलतो, कारण शरीराची रचनाच काही काळ बदललेली असते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या सैल पडतात, वाढते गर्भाशय त्यांच्यावर, विशेषतः उजव्या बाजूला, दाब देते, लघवी साचून राहते आणि खाली गुपचूप राहिलेल्या जंतूंना वर मूत्रपिंडापर्यंत चढायला वाट मिळते. जुन्या अभ्यासांनुसार अशा स्त्रियांवर उपचार केले नाहीत, तर त्यांच्यापैकी पाव ते एक तृतीयांश जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होत असे. नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी जोखमीच्या स्त्रियांमध्ये, हे प्रमाण बरेच कमी म्हणजे २.४ टक्के निघाले; पण तिथेही ज्यांच्या लघवीत जंतू नव्हते त्यांच्या ते चौपट होते. मूत्रपिंडाचा संसर्ग म्हणजे थंडी वाजून ताप, उलट्या, रुग्णालयात भरती आणि शिरेतून दिलेली याहून कितीतरी जोरकस प्रतिजैविके, शिवाय अकाली प्रसूतीचा धोका. जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणे नसलेल्या गरोदर स्त्रियांनाही सात दिवसांचे औषध सुचवले आहे, ते याच कारणाने. सासूबाईंना हे समजावून सांगण्यासाठी पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर घेऊन जा. घरातल्या वादापेक्षा ते सोपे पडते.

आता तुमच्या भीतीच्या मुळाकडे येतो. ‘अँटिबायोटिकमुळे बाळाच्या अवयवांवर परिणाम होतो का’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, कारण प्रतिजैविक हे एका औषधाचे नाव नसून एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या अनेक औषधांचा तो गट आहे, आणि गर्भाचे सर्व अवयव एकाच वेळी तयार होत नाहीत. पेरणीच्या आठवड्यात पडलेला पाऊस आणि कापणीला आलेल्या पिकावर पडलेला पाऊस यांत जितका फरक असतो, तितकाच फरक पाचव्या आणि तिसाव्या आठवड्यात घेतलेल्या त्याच गोळीत असू शकतो.

सोनोग्राफीच्या कागदावरचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले असतात, म्हणजे गर्भाचे खरे वय त्याहून साधारण दोन आठवड्यांनी कमी असते. या मोजणीने पाहिले तर अवयवांचा मूळ आराखडा पाचव्या ते दहाव्या आठवड्याच्या दरम्यान मांडला जातो. ज्या नलिकेपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू होतो, ती सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते, हृदयाचे कप्पे त्याच काळात आकार घेऊ लागतात आणि टाळूचे दोन भाग बाराव्या आठवड्यापर्यंत जुळतात. त्यानंतरचा काळ सर्वस्वी निर्धोक असतो असे नाही. दुधाच्या दातांमध्ये चुना साठायला चौथ्या महिन्यात सुरुवात होते, मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या जवळपास छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होत राहतात आणि मेंदूची घडण तर जन्मानंतरही चालू असते. मात्र आराखडा बिघडणे वेगळे आणि तयार होत असलेल्या अवयवाच्या वाढीला धक्का लागणे वेगळे.

कोणत्या औषधाने कुठे अपाय होतो, हे वैद्यकाने बऱ्याचदा मुलांच्या शरीरावरच शिकले आहे. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला घट्ट चिकटते, त्यामुळे दुसऱ्या तिमाहीपासून पुढे ते घेतले तर बाळाच्या हाडांत आणि दातांत जाऊन बसते. अशा मुलांचे दुधाचे दात पिवळट-तपकिरी निघतात. स्ट्रेप्टोमायसिन आतील कानाला व श्रवणाच्या चेतातंतूला इजा करते, आणि क्षयासाठी ते घेतलेल्या मातांच्या काही मुलांना बहिरेपण आल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे हा मुद्दा केवळ पुस्तकी नव्हता, कारण क्षयाच्या फेरउपचारात हे इंजेक्शन पुष्कळ वर्षे वापरात होते. गरोदर रुग्णाला ते वगळूनच उपचार द्यावे लागत. क्लोरॅम्फेनिकॉल नवजात बाळाच्या अपरिपक्व यकृताला पचवता येत नाही, त्याने बाळे राखाडी पडून दगावल्याचे १९५९ च्या सुमारास लक्षात आले. सल्फा औषधे प्रसूतीच्या तोंडावर घेतली तर बाळाची कावीळ मेंदूपर्यंत पोहोचण्याची भीती असते. सल्फाबरोबर जोडून येणारे ट्रायमेथोप्रिम फोलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणते, म्हणून ते पहिल्या तिमाहीत टाळतात. जुलाब झाले की मेडिकलमधून सर्रास आणल्या जाणाऱ्या नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांसारख्या गोळ्यांच्या गटाने कुत्र्यांच्या पिल्लांच्या सांध्यांतील कूर्चा खराब झाल्याचे दिसले होते. माणसांमधील नोंदी त्या मानाने दिलासा देणाऱ्या आहेत, तरीही पर्याय असताना गरोदरपणात या गोळ्या देत नाहीत.

याच्या दुसऱ्या टोकाला पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन हे गट आहेत. ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात, पण अनेक दशकांच्या वापरात त्यांच्यामुळे व्यंग होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे दिसलेले नाही. किंबहुना आईला उपदंश असेल तर पेनिसिलिन वारेतून पलीकडे जाते म्हणूनच बाळ वाचते, आणि गरोदरपणात त्या आजारावर त्याच्याखेरीज खात्रीचा पर्याय नाही.

तुम्हाला दिलेले नायट्रोफ्युरॅन्टॉइन या दोन टोकांच्या मध्ये बसते, आणि वेळेचे महत्त्व त्याच्यात फार स्पष्ट दिसते. पहिल्या तिमाहीबाबतचे पुरावे एकमेकांशी जुळत नसल्याने तेव्हा दुसरा योग्य पर्याय असेल तर तो आधी निवडतात. प्रसूती जवळ आली की बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याच्या शक्यतेमुळे ते टाळतात. मधल्या काळात, म्हणजे तुम्ही आता जिथे आहात तिथे, ते नेहमीच्या वापरातले औषध आहे. ते रक्तात फार थोडे राहते आणि लघवीत एकवटते, म्हणून जिथे जंतू आहेत तिथे ते भरपूर पोहोचते आणि बाळाकडे फारच थोडे जाते. तुमच्या डॉक्टरांची निवड विचारपूर्वक केलेली दिसते.

उंदरांवरच्या प्रयोगांविषयी तुम्ही वाचले ते खोटे नाही. अलीकडच्या वर्षांत चीनमधील संशोधकांनी गाभण उंदरांना अमॉक्सिसिलिन आणि ॲझिथ्रोमायसिन वेगवेगळ्या मात्रेत, वेगवेगळ्या दिवशी, एकदा किंवा अनेकदा देऊन पिल्लांचे अवयव तपासले. हाडे, मूत्रपिंड अशा अवयवांत काही बदल आढळले आणि ते बदल मात्रा, दिवस व औषध किती वेळा दिले यांवर अवलंबून होते. उंदरांतच जेंटामायसिनच्या गटातील औषधांनी पिल्लांच्या मूत्रपिंडातील गाळण्यांची संख्या घटल्याचे त्याआधीपासून माहीत आहे. असे प्रयोग माणसांमध्ये कुठे शोधायचे याची दिशा दाखवतात आणि म्हणून ते मोलाचे आहेत. पण उंदराचे गाभणपण अवघे तीन आठवड्यांचे असते, त्यामुळे एका दिवसाची मात्रा अवयवाच्या वाढीचा बराच मोठा टप्पा व्यापते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत दिसलेला फरक म्हणजे जन्मलेल्या प्राण्यातील आजार नव्हे. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे ते उंदीर आजारी नव्हते. त्यांची तुलना औषध न दिलेल्या निरोगी उंदरांशी होती. तुमच्यापुढे औषध घेतलेली निरोगी आई की औषध न घेतलेली निरोगी आई, अशी निवड नाही. लघवीतील जंतू तिथे आहेतच. औषध घेतले नाही तर बाळ कशालाच सामोरे जाणार नाही, ही समजूत चुकीची आहे.

निरोगी अवस्थेत, गरज नसताना दिलेल्या प्रतिजैविकाची किंमत मोजावी लागू शकते, याचा माणसांमधील पुरावाही उपलब्ध आहे आणि तो उंदरांच्या प्रयोगांपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावा असा आहे. ओरॅकल नावाच्या ब्रिटिश चाचणीत, ज्या स्त्रियांना अकाली कळा सुरू झाल्या होत्या पण पाणमोट फुटलेली नव्हती आणि संसर्गाची चिन्हेही नव्हती, त्यांना प्रतिजैविके दिली गेली. बाळांना तात्काळ फायदा दिसला नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात ती मुले सात वर्षांची असताना पाहिली, तेव्हा एरिथ्रोमायसिन दिलेल्या गटात सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसण्याचे) प्रमाण ३.३ टक्के आणि ते न दिलेल्या गटात १.७ टक्के आढळले. असे का व्हावे याचा नेमका उलगडा झालेला नाही, परंतु त्यानंतर पाणमोट शाबूत असताना, संसर्ग नसताना, केवळ खबरदारी म्हणून प्रतिजैविक देण्याची पद्धत सोडून दिली गेली. तुमच्या बाबतीत संसर्ग कल्चरने सिद्ध झालेला आहे आणि औषध त्याच जंतूसाठी आहे. ही परिस्थिती ओरॅकलमधल्या स्त्रियांच्या नेमकी उलट आहे. उलट मेडिकलमधून आणलेल्या त्या तीन गोळ्या त्या चाचणीतल्या औषधासारख्या होत्या, कारण घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर ॲझिथ्रोमायसिन काही करत नाही. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. पट्टीवर लाल रेघ असूनही चिठ्ठीशिवाय ती हातात पडते, ही दुकानदाराची चूक आधी आहे.

त्या तीन गोळ्यांनी काही बिघडले असेल का? पाळी चुकून चार-पाच दिवस म्हणजे पाचव्या आठवड्याचा शेवट. हे औषध शरीरात, विशेषतः पेशींमध्ये, आठवडाभर तरी रेंगाळते, म्हणून ‘अवयव तयार होण्याआधीच ते संपले होते’ असे सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. हृदयाची घडण सुरू होण्याचा काळ त्यात येतो. ॲझिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ज्यात येतात, त्या मॅक्रोलाइड गटातील औषधांबद्दल २०२० साली ब्रिटनमधून १,०४,६०५ मुलांच्या नोंदींचा अभ्यास आला. आईला पहिल्या तिमाहीत या गटातील औषध दिले असता दर हजार मुलांमागे सुमारे २८ मुलांत मोठे व्यंग आढळले, पेनिसिलिन दिलेल्या मातांच्या मुलांत ते हजारी सुमारे १८ होते. फक्त हृदयाची व्यंगे पाहिली तर हजारी १०.६ विरुद्ध ६.६. त्यात बहुतेक स्त्रियांना एरिथ्रोमायसिन दिले गेले होते. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधून दहा लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास आला आणि त्यात अशी वाढ दिसली नाही. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले आहेत आणि त्यांचे मत जुळत नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. पण ब्रिटिश अभ्यास पूर्णपणे खरा धरला, तरी हृदयाच्या व्यंगाची वाढ हजारात चारची आहे, म्हणजे हजारातील जवळपास ९९० बाळांची हृदये ठीकच असतात. कोणतेही औषध न घेतलेल्या स्त्रियांच्याही शंभरातील दोन-तीन बाळांत काही ना काही मोठे व्यंग असते, हा आकडा या सगळ्या तुलनेच्या तळाशी आहे.

याच ॲझिथ्रोमायसिनची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२३ साली निकाल जाहीर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, जिच्यात नागपूर आणि बेळगाव येथील केंद्रांतल्या स्त्रियाही सहभागी होत्या, प्रसूतीच्या कळा सुरू असताना त्याची एकच मात्रा दिल्याने मातांमधील जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. तेव्हा बाळाचे हृदय केव्हाच घडून झालेले असते.

गर्भ ठेवावा का, या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ आहे. तुम्ही घेतलेल्या गोळ्या हे गर्भपाताचे वैद्यकीय कारण होत नाही. ही भीती वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाहीत. टोरांटोमध्ये १९८० च्या दशकात, व्यंग न करणारी औषधे घेतलेल्या गरोदर स्त्रियांना ‘बाळात व्यंग असण्याची शक्यता किती वाटते?’ असे विचारले, तेव्हा त्यांच्या उत्तरांची सरासरी सुमारे २४ टक्के निघाली. गरोदर स्त्रियांना मळमळीवर दिल्या गेलेल्या आणि बाळांत गंभीर व्यंगे करणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाने १९६१ पर्यंत जगभर जो अनर्थ केला, त्याची छाया प्रत्येक गोळीवर पडलेली आहे. थॅलिडोमाइड हे प्रतिजैविक नव्हते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही.

दमा, लठ्ठपणा, ॲलर्जी असे जे दूरचे परिणाम सांगितले जातात, त्यांबद्दल थोडक्यात लिहितो. आईच्या आतड्यातील जंतूंचा समतोल प्रतिजैविकाने बदलतो आणि बाळाला जन्मावेळी मिळणारे जंतू त्यामुळे वेगळे असू शकतात, हे पटण्याजोगे आहे. परंतु स्वीडनमध्ये सुमारे पाच लाख मुलांच्या अभ्यासात गर्भावस्थेतील प्रतिजैविके आणि दमा यांचा जो संबंध दिसला, तो सख्ख्या भावंडांची आपसात तुलना केल्यावर नाहीसा झाला. म्हणजे तो संबंध औषधाचा नसून बहुधा त्या कुटुंबांतील इतर कारणांचा होता. सात दिवसांच्या एका औषधासाठी तुम्ही या काळजीत झोप घालवावी, असे मला वाटत नाही.

पुढचे काम असे आहे. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी, चुकवू नका, आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना ॲझिथ्रोमायसिनची तारीख व मात्रा लेखी द्या, म्हणजे हृदयाचे कप्पे व मोठ्या रक्तवाहिन्या ते अधिक बारकाईने पाहतील. त्यांना शंका आली किंवा तुमच्या घरात जन्मजात हृदयविकाराचा इतिहास असला, तर बाळाच्या हृदयाची स्वतंत्र इको तपासणी करता येते. प्रत्येकीला ती लागतेच असे नाही. नायट्रोफ्युरॅन्टॉइनचे सातही दिवस पूर्ण करा, बरे वाटते म्हणून किंवा लघवीचा रंग पाहून मध्येच थांबवू नका, आणि संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करून घ्या, कारण हे जंतू काही जणींत परत येतात. औषध चालू असताना थंडी वाजून ताप आला, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखू लागले, उलट्या थांबेनात किंवा पोटात कळा येऊ लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. श्वास लागला, डोळे पिवळे दिसले किंवा अंगावर पुरळ उठले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणि शेवटच्या महिन्यात लघवीचा संसर्ग पुन्हा निघाला, तर जुन्या चिठ्ठीवर याच गोळ्या परत आणू नका; त्या वेळी औषध वेगळे लागेल आणि ते डॉक्टरांनाच निवडू द्या.